रिकामी राहिलेली पहिली जागा



करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. विजेत्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट चढे आणि थोड्याच दिवसांत सुकून जाई. म्हणूनच संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीचा दाखला देऊन आपल्याला न सुकणाऱ्या मुकुटासाठी धावायला सांगतो.

सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅरियन जोन्सने तीन सुवर्णांसह पाच पदके जिंकली. तिने घेतलेले स्टेरॉईड चाचणीत सापडू नये असेच बनवलेले होते. प्रशिक्षकाने ते जवसाचे तेल म्हणून दिले, असे तिचे म्हणणे. पण तपास अधिकाऱ्यांपुढे ती खोटे बोलली. ऑक्टोबर २००७ मध्ये तिने न्यायालयात कबुली दिली आणि बाहेर येऊन रडत सर्वांची क्षमा मागितली. पदके गेली, तुरुंगवासही घडला. रिले शर्यतीतील तिच्या सोबतिणींना आपली पदके राखण्यासाठी २०१० पर्यंत झगडावे लागले. १०० मीटरचे सुवर्णपदक मात्र कोणालाच मिळाले नाही, कारण दुसऱ्या आलेल्या धावपटूवरही पुढे चाचणी चुकवल्याचा ठपका आला होता. ती पहिली जागा आजही रिकामी आहे.

पाप असेच एकट्याचे राहत नाही.

बाहेरून स्टेरॉईड घेतले की शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी करते. हृदय आणि यकृत यांनाही इजा पोहोचते. हे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, अशी आपली श्रद्धा आहे. आपली मुलेही जिममध्ये जातात. लवकर शरीर कमवायला कोणी इंजेक्शन सुचवले, तर ती घरी येऊन सांगतील का? की "पहिला आलास का?" एवढेच आपण विचारतो आणि "कसा आलास?" हे विचारायचे राहून जाते? परीक्षेत, धंद्यात, नोकरीत "सगळेच करतात" म्हणत आपणही आडवाट धरतो, हे मुले पाहत असतात.

मॅरियनला खरे बोलायला सात वर्षे लागली. आपल्याला तेवढे थांबायचे कारण नाही. प्रायश्चित्त संस्कारात प्रभू आपली वाटच पाहत आहे. तेथे पदक हिरावले जात नाही. हरवलेले लेकरू घरी घेतले जाते.

या आठवड्यात आपण मुलांशी याविषयी बोलू या आणि त्याआधी स्वतः प्रभूपुढे खरे बोलू या. आमेन.