मृतांची मोजदाद आणि आठवी आज्ञा

दफनविधी आटोपला म्हणजे धर्मगुरूचे काम संपले असे नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ११८२ व्या कलमाप्रमाणे मृताची नोंद मृतांच्या वहीत व्हावी लागते. नाव, वय, जोडीदाराचे नाव, मरणाची तारीख, अंतिम संस्कार लाभले की नाही, आणि आमच्याकडील जुन्या छापील वहीत शेवटी आणखी एक रकाना: मृत्यूचे कारण. या अखेरच्या रकान्याने गेली काही वर्षे आम्हांला स्वस्थता लाभू दिलेली नाही. मात्र ज्या एका अवाढव्य रकान्याचा तो लहानसा तुकडा आहे, त्याकडे, म्हणजे आपल्या देशातील कोविडच्या मृत्यूंच्या मोजणीकडे, आधी पाहणे भाग आहे.

३० जानेवारी २०२० रोजी भारतातील पहिला रुग्ण केरळातील त्रिशूर येथे नोंदला गेला. मार्चमध्ये पहिला मृत्यू झाला. त्यानंतर दोन वर्षे आपण सारे हवामानाच्या बातमीसारखे आकडे ऐकत होतो: आज इतके बाधित, आज इतके मृत. हा आकडा येतो कुठून, हे आपण फारसे विचारले नाही. एखादे मरण त्या आकड्यात पोहोचायचे तर त्याला अनेक दारे ओलांडावी लागतात. माणसाची चाचणी झालेली असावी, तिचा निष्कर्ष वेळेत हाती यावा, डॉक्टरने कारण लिहावे, ते नगरपालिकेत, तेथून जिल्ह्याला, राज्याला व शेवटी दिल्लीला पोहोचावे. आपल्या देशात २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले होते असे मृत्यू केवळ २२.५ टक्के होते. उरलेली माणसे का मेली, ते त्यांच्या घरच्यांना ठाऊक आणि देवाला.

रोजचा आकडा हा त्या दिवसाचाच असतो हाही आपला भ्रमच. जून २०२० मध्ये महाराष्ट्राने मागे राहून गेलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी यादीत घातले. त्यांतले ८६२ एकट्या मुंबईतले होते. १० जून २०२१ रोजी देशाचा दिवसाचा आकडा ६,१४८ वर गेला, आणि तो पाहून अनेकांच्या छातीत धस्स झाले. वस्तुतः तोवर दुसरी लाट ओसरू लागली होती. बिहारने जुन्या नोंदी पुन्हा तपासून ३,९५१ मृत्यू वाढवले होते, इतकेच. ही माणसे कधीच मातीआड किंवा चितेवर गेली होती. कागदावर मात्र त्या दिवशी मेली.

साथीचा प्रसार आणि तिची तीव्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मोजणे अधिक अवघड. शाळेतला अपूर्णांक आठवावा. मृतांची संख्या वर, बाधितांची खाली. आपल्याकडे दर शंभर रुग्णांमागे साधारण एक-सव्वा मृत्यू, म्हणून आपण इतर देशांहून बरे, असे अभिमानाने सांगितले जाई. पण २०२१ च्या जून-जुलै महिन्यांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभरातील रक्तनमुने तपासले, तेव्हा सहा वर्षांवरील ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. लस न घेतलेल्यांतही दहांपैकी सहांच्या रक्तात ती होती. त्या वेळी नोंदलेले रुग्ण होते सुमारे तीन कोटी. म्हणजे एका नोंदलेल्या रुग्णामागे वीसहून अधिक माणसे रोग भोगून मोकळी झाली होती आणि यादीला त्यांचा पत्ता नव्हता. अंश अपुरा आणि छेद त्याहून अपुरा. अशा अपूर्णांकावर अभिमान बांधणे म्हणजे वाळूवर घर बांधणे. ते घर कुणाचे, हे मत्तयच्या वाचकांना सांगायला नको.

मग खरे किती गेले? सरकारी यादीत २०२१ अखेर ४ लाख ८१ हजार मृत्यू होते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यू ४७ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज दिला. भारत सरकारने त्या गणिती पद्धतीला आक्षेप घेतला, आणि गणिती अंदाज म्हणजे मोजणी नव्हे हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु मे २०२५ मध्ये सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या नागरी नोंदणीच्या अहवालात देशात २०१९ साली ७६ लाख, २०२० साली ८१ लाख आणि २०२१ साली १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेल्याचे दिसते. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ. नोंदणी सुधारली म्हणूनही काही वाढ झाली असेल, साऱ्यांचा दोष कोविडला देता येणार नाही. तरी एकवीस लाख हा आकडा नुसत्या सुधारलेल्या कारकुनीने होत नाही.

नेहमीपेक्षा किती अधिक माणसे गेली हे पाहण्याची ही रीत नवी नाही, आणि तिचे मूळ धर्मग्रामांच्या वह्यांतच आहे. लंडनच्या धर्मग्रामांतून दर आठवड्याला मृतांच्या याद्या निघत. जॉन ग्रँट नावाच्या एका कापडव्यापाऱ्याने त्या तपासून १६६२ साली पुस्तक लिहिले. प्लेगच्या वर्षी इतर रोगांच्या रकान्यांतील मृत्यूही फुगतात, हे त्याने ताडले. प्लेगने मेलेली माणसे दुसऱ्या नावांखाली दडवली जात होती.

आपल्या देशालाही हा अनुभव पूर्वीचा आहे. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्ल्यूएन्झा मुंबई बंदरात उतरला आणि त्या पावसाळ्याअखेर देशभर पसरला. मरणाची नोंद ठेवणारे गावकामगारच अंथरुणाला खिळले, तेथे वही कोण लिहिणार? १९२१ च्या शिरगणतीच्या अहवालाने मृतांचा अंदाज सव्वा कोटीच्या आसपास केला. पुढे किंग्जली डेव्हिस या लोकसंख्याशास्त्रज्ञाने तो १ कोटी ८५ लाखांपर्यंत नेला. दोन अंदाजांमधला फरक साठ लाख माणसांचा! साठ लाख माणसे होती की नव्हती, मेली की मेली नाहीत, हे आज छातीठोकपणे कुणीही सांगू शकत नाही.

येथे आमच्यासारख्यापुढे प्रश्न उभा राहतो तो आठव्या आज्ञेचा. खोटी साक्ष देऊ नये हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. पण वरच्या साऱ्या हकिकतीत खोटी साक्ष नेमकी कोणी दिली? कारकुनाने आपल्यापुढे आलेले कागद मोजले. डॉक्टरने चाचणीचा कागद नाही म्हणून न्यूमोनिया लिहिले. अधिकाऱ्याने खालून आलेली बेरीज वर पाठवली. प्रत्येकाचा हात स्वच्छ, आणि बेरीज मात्र खोटी. काही ठिकाणी आकडे जाणूनबुजून झाकले गेले असतील, त्यांचा न्याय सरळ आहे. आम्हांला छळतो तो दुसरा प्रकार: कुणीही न बोललेले असत्य.

आणि 'कुणीही' या शब्दात आपली कुटुंबेही येतात, हे कटू असले तरी लिहिले पाहिजे. मार्च २०२० च्या अखेरीस मुंबई महापालिकेने कोविडच्या सर्वच मृतांचे दहन करावे असे परिपत्रक काढले. ते त्याच दिवशी मागे घेतले गेले आणि मे महिन्यात उच्च न्यायालयाने दफनास मोकळीकही दिली. तोवर भीती मात्र घराघरांत शिरून बसली होती. आपल्या माणसाला माती मिळणार नाही, शेजारी दार लावून घेतील, या भीतीने कितीतरी घरांनी चाचणीच करून घेतली नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ घरीच वारले. सहा दिवस ताप होता, शेवटचे दोन दिवस धाप. घरातील दोघे नंतर बाधित निघाले. दफनानंतर मुलगा आमच्याकडे आला. घर भाजीच्या गिऱ्हाइकांवर चालणारे. तो म्हणाला, "फादर, वहीत ते नाव नको. उद्यापासून आमची भाजी कुणी घेणार नाही." आम्ही 'वार्धक्य' असे लिहिले. त्यात खोटे काय होते? वय एक्याऐंशी होते, डॉक्टरने काही लिहिले नव्हते, आणि धर्मगुरू हा वैद्य नव्हे. अशी सगळी उत्तरे आमच्याजवळ तयार होती. पुढच्या सहा आठवड्यांत त्याच आळीतील आणखी चौघे गेले. त्या रकान्यात आमच्याच अक्षरांत लागोपाठ लिहिलेले आहे: हृदयविकार, ताप, वार्धक्य, हृदयविकार.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मृतांच्या वारसांना पन्नास हजार रुपयांचे साहाय्य जाहीर झाले, आणि देशभर चित्र उलटे फिरले. गुजरातेत अधिकृत मृत्यू सुमारे दहा हजार असताना जानेवारी २०२२ पर्यंत अडुसष्ट हजारांहून अधिक अर्ज मंजूर झाले. जी मरणे आधी दडवली गेली होती किंवा मोजलीच गेली नव्हती, ती आता पुरावे शोधू लागली. तोच मुलगा पुन्हा आमच्या दारी आला. "फादर, आता तेवढे कोविड लिहून द्या." आम्हांला राग आला, हे कबूल करतो. तो क्षणभरच टिकला, कारण पहिल्या खेपेस ज्याने लेखणी चालवली होती तो त्याच्यासमोरच बसला होता. जे पाहिले ते आम्ही पत्रात लिहून दिले. समितीला चाचणीचा कागद हवा होता, तो नव्हता. ज्या एका कागदावर आमची सही होती, तो उलट बोलत होता.

दावीद राजाने प्रजेची गणती केली आणि देशावर मरी आली, ही शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटची कथा आपण जाणतो. सत्तर हजार माणसे मेली. मोजणे हेच पाप होते, असे काही जण त्यावरून म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. दावीदाने तलवार चालवणारे हात मोजले. त्याला माणसांशी नव्हे, आपल्या बळाशी कर्तव्य होते. याउलट निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात देवच मोशेला गणतीची रीत सांगतो: मोजल्या जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जिवाची खंडणी म्हणून अर्धा शेकेल द्यावा, म्हणजे त्यांच्यावर मरी येणार नाही. श्रीमंताने अधिक देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये. प्रत्येक डोक्यामागे तेवढेच नाणे. भाजीवाल्याच्या घरातील म्हाताऱ्याचे नाणे आम्ही त्या दिवशी टाकले नाही. घरच्यांवर दया म्हणून टाकले नाही, हे खरे. पण ते त्याचे होते, आमचे नव्हते.

आणि दयेचेही तसेच. त्या नोंदीने एका घराची भाजी विकली गेली असेल. परंतु पहिलीच नोंद खरी झाली असती, वेदीवरून नाव न घेता तरी सांगितले गेले असते की रोग आळीत आला आहे, तर उरलेल्या चार घरांनी दारे लोटून घेतली असती काय? त्यांतले एखादे माणूस आज मिस्साला दिसले असते काय? साथीचा माग काढण्याचा सारा खटाटोप मेलेल्यांपेक्षा जिवंतांसाठी असतो, हे आम्हांला तेव्हा सुचले नाही.

नोंदवहीतला मजकूर खोडता येत नाही. मुलाच्या संमतीने आम्ही समासात तारीख घालून तीन ओळी लिहिल्या: लक्षणे काय होती, घरातील कोण बाधित निघाले, आणि मूळ नोंद कुणाच्या विनंतीवरून व कुणाच्या हातून झाली. 'वार्धक्य' हा शब्द तसाच ठेवला आहे. उरलेल्या चार नोंदींपैकी दोन घरी आम्ही जाऊन आलो. एका घराने होकार दिला. दुसऱ्या घरी चहा झाला, चौकशी झाली, आणि विधवा एवढेच म्हणाली की तिला विचार करू द्यावा.