पाठीवरून आलेले दगड

दारातून लगेच आत शिरू नका. आधी त्या भल्यामोठ्या दारावरच्या ब्राँझच्या लहानशा मूर्ती बघा. ओझ्याखाली वाकलेली माणसं आहेत ती. डोक्यामागे तेजोवलय नाही, हातात पोथी नाही. हे बार्सिलोनाच्या रिबेरा वस्तीतले बस्ताशोस, म्हणजे किनाऱ्यावर जहाजांचा माल चढवणारे-उतरवणारे माथाडी. १३२९ मध्ये सांता मारिया देल मार या चर्चचा पाया घातला गेला. त्यानंतर मोंजुइक टेकडीच्या खाणीतला दगड त्यांनी पाठीवर वाहून आणला, आणि तोही मजुरी न घेता. पैसे व्यापाऱ्यांनी आणि जहाजमालकांनी दिले. दारावर मात्र हमाल आहेत. एवढं मनात ठेवा आणि आत या.

कुठल्याही बाकावर बसा. वेदी शोधायची घाई नको. पाठ टेकवा, आपलं वजन बाकावर पूर्ण सोडून द्या. श्वास आपोआप लांबतो, त्याला लांबवावं लागत नाही.

आता वर बघा. छत तीस मीटरहून उंच आहे, पण उंचीपाशी थांबू नका. छताच्या फासळ्या जिथे एकत्र येतात तिथला मधला दगड धरा. तिथून एका फासळीवरून नजर सावकाश खाली आणा. ती एका खांबाच्या माथ्यावर उतरेल. खांब अष्टकोनी आहे, गुळगुळीत, जवळपास विनानक्षीचा. तसाच खाली या, थेट फरशीपर्यंत. ज्या वाटेने तुमची नजर आली त्याच वाटेने वरचं सगळं वजनही येतं, गेली साडेसहाशे वर्षं, रात्रंदिवस. दोन खांबांत सुमारे १३ मीटर अंतर आहे. बाजूच्या मार्गिकाही मधल्या भागाइतक्याच उंच वाटतात, त्यामुळे आत भिंतींची अडचण कुठे जाणवत नाही. वजन एवढं, तरी जागा मोकळी. पुन्हा एकदा वरून खाली या. या वेळी आणखी सावकाश.

मग दगडाच्या एका सांध्यावर थांबा आणि दगड वाहणाऱ्या एका पोराची कल्पना करा. पहिल्या वर्षी तो पंधराचा होता. १३४८ मध्ये प्लेगने शहर कापून काढलं, त्यातून तो वाचला. काम १३८३ मध्ये संपलं, तेव्हा तो एकोणसत्तरचा असेल. कोलोनचं कॅथेड्रल १२४८ मध्ये सुरू झालं आणि १८८० मध्ये पुरं झालं. तिथे ज्याने पहिला दगड उचलला त्याला शेवट दिसण्याचा प्रश्नच नव्हता. इथे दिसू शकत होता. म्हातारपणी तो आत येऊन कुठे बघत असेल? मला वाटतं, छताकडे नाही. आपण आणलेला दगड कोणता, तेच शोधत असेल.

आता जरा अवघड भाग. हा सगळाच मोकळेपणा बांधणाऱ्यांनी दिलेला नाही. जुलै १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा चर्चला आग लावण्यात आली आणि ते अकरा दिवस जळत होतं. बरोक काळातली भव्य वेदी गेली, लाकडी आसनं गेली, शतकानुशतकं साचलेलं सामान गेलं. उरले ते खांब आणि उजेड. येणारा प्रत्येकजण ज्या साधेपणावर भाळतो तो असा आलेला आहे. जे गेलं ते आपण कधी पाहिलंच नाही, म्हणून त्याचं वाईट वाटत नाही; हे फार सोयीचं आहे. इथे उत्तर काढू नका. आवडणं आणि खुपणं, दोन्ही शेजारी-शेजारी बसू द्या, जितका वेळ बसतील तितका.

मन भरकटलं तर भरकटू द्या, पण त्याला एक काम द्या. वरच्या रंगीत काचांत कुठेतरी बार्सिलोना फुटबॉल क्लबचं चिन्ह आहे. क्लबने डागडुजीला पैसे दिले होते, त्याची ही पोच. काहींना ते खटकतं. मला नाही खटकत. ज्याने जे दिलं त्याची खूण ठेवायची, ही या चर्चची जुनीच रीत. फक्त हमालांना दार मिळालं आणि क्लबला खिडकी. शोधा. मान दुखेल, पण सापडतं.