कृत्रिम बुद्धि आणि खेळाचा धर्म

यंत्रावर ज्यांचें पोट आहे त्यांनींच यंत्राच्या नव्या अवताराकडे संशयानें पाहावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विसंगत वाटते. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढें आकुर्डी, भोसरी, चाकण असा जो उद्योगपट्टा वाढत गेला, त्यांतील तरुण यंत्राला भिणारा नाहीं. दिवसा कारखान्यांत राबून रात्रीं सुटे भाग जुळवून घरचा संगणक उभारणारा व त्यावर खेळ खेळणारा हौशी मनुष्य या भागांत दुर्मिळ नाहीं. तरी खेळांत किंवा घरगुती वस्तूंत ‘कृत्रिम बुद्धि’ घातल्याची जाहिरात वाचली, कीं अशा मनुष्याच्या कपाळाला आठी पडते. हा केवळ हट्ट आहे, कीं त्यांत विचाराचा कांहीं अंश आहे, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या नापसंतीस स्वार्थाचें एक कारण आहे, तें आधीं बाजूस काढलेलें बरें. कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड संगणकगृहांना मेमरी इतकी लागूं लागली, कीं २०२५ च्या अखेरीस हौशी माणसाची रॅम एकाएकीं महागली. मायक्रॉन कंपनीनें तर त्याच डिसेंबरांत किरकोळ ग्राहकांसाठीं असलेला आपला ‘क्रूशिअल’ हा छाप बंद करण्याचें जाहीर केलें. अशा वेळीं राग येणें स्वाभाविक आहे. परंतु खिशाला चाट बसली एवढ्यावरून कोणतीहि वस्तु वाईट ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप नांवाचा. जपानांत १९९० च्या सुमारास ‘फझी लॉजिक’चीं धुलाईयंत्रें निघालीं, कपडे किती व मळ किती हें पाहून पाणी व वेळ ठरविणें हें त्यांचें काम. आज तशाच कामास बुद्धीची पदवी मिळते. पदवी वाढली म्हणून गुण वाढतोच असें नाहीं. आणि ‘हें यंत्र नेमकें काय करतें?’ असें विकत घेणाऱ्यानें विचारणें यास संशयखोरपणा म्हणत नाहींत, व्यवहार म्हणतात.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. संगणकावरील खेळांत दर सेकंदास अनेक चित्रें, म्हणजे फ्रेम्स, काढाव्या लागतात. एनव्हिडिया कंपनीनें २०२२ सालीं डीएलएसएस ३ या नांवानें अशी युक्ति आणली, कीं खेळाच्या हिशेबानें दोन फ्रेम्स काढाव्या आणि मधली एक कृत्रिम बुद्धीनें कल्पून भरावी. २०२५ सालच्या आवृत्तींत अशा कल्पित फ्रेम्स तीनपर्यंत गेल्या. हौशी मंडळी यांना ‘खोट्या फ्रेम्स’ म्हणतात. यावर कोणी विचारील, खेळांतील सारेंच दृश्य जर मिथ्या, तर एक मिथ्या खरें आणि दुसरें खोटें कसें? उत्तर असें कीं, हिशेबानें काढलेली फ्रेम खेळणाऱ्याच्या हाताला उत्तर देते. त्यानें कळ दाबली कीं तिच्यांत फरक पडतो. मधली फ्रेम पुढचें चित्र तयार झाल्यावर मागून भरलेली असते. त्यामुळें हालचाल डोळ्यास अखंड दिसते. पण हाताला प्रतिसाद लवकर मिळत नाहीं, उलट किंचित् उशीरच होतो. तेव्हां खरी तक्रार कृत्रिमपणाची नसून, संवाद नसतां संवादाचा भास दाखविण्याची आहे.

येथें आपण मूळ प्रश्नापाशीं येतों. कांहीं कृतींचें साध्य त्यांच्या बाहेर असतें व कांहींचें त्यांच्यांतच असतें, हा भेद ॲरिस्टॉटलनें पूर्वींच केला आहे. मोटारीच्या पत्र्याचे सांधे जोडणें पहिल्या प्रकारचें. चाकणच्या कारखान्यांत स्पॉट वेल्डिंग रोबो करतात; कामगाराच्या पोटाचा प्रश्न उरतो व तो लहान नव्हे, परंतु सांधा माणसानेंच जोडावा असें कोणी म्हणत नाहीं. खेळ दुसऱ्या प्रकारचा. १९९७ सालीं डीप ब्लू या संगणकानें कास्पारॉव्हला हरविलें. २०१६ सालीं अल्फागोनें ‘गो’ खेळांतील ली सेडोल यांस चार विरुद्ध एक डावांनीं जिंकलें. ली यांनीं २०१९ सालीं निवृत्ति पत्करली, ती यंत्र अजिंक्य झाल्याचें सांगूनच. तरी बुद्धिबळ मेलें नाहीं. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं २०२५ च्या जुलैंत बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हां त्यांहून सरस चाली खिशांतला फोन सांगूं शकतो, हें जाणणाऱ्यांनींहि तो सामना जीव मुठींत धरून पाहिला. सरावांत यंत्राचें साह्य चालतें, डावांत तें निषिद्ध. उत्तम चाल हेंच फळ असतें, तर हा निषेध वेडेपणा ठरला असता.

नित्याच्या व्यवहारांतहि हाच निकष लावावा. बिल भरणें, रस्ता शोधणें येथें फळ हवें असतें. यंत्रानें तें खुशाल द्यावें. परंतु सांत्वनाचें पत्र किंवा मुलाचा निबंध यांचें तसें नाहीं. शिक्षकाला निबंधाची टंचाई पडलेली नसते. लिहितांना मुलाचें मन घडावें, एवढ्यासाठींच तो लिहावयाचा. अर्थात् ही सीमारेषा सर्वांना सारखी नसते. स्वयंपाक एकीला कष्ट, तर दुसरीला आनंद. म्हणूनच निवड ज्याची त्याच्या हातीं राहिली पाहिजे. न विचारतां यंत्र मध्यें घालणें, तें घातल्याचें न सांगणें आणि बंद करण्याची सोय न ठेवणें, यांतच आम्हांस खरा अन्याय दिसतो.

पुणें-नाशिक रस्त्यानें चाकण मागें टाकून पुढें गेल्यावर आळे गांव लागतो. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखानें वेद वदविले, त्या रेड्याची समाधि तेथें दाखवितात. कथेंत रेडा बोलला म्हणून कोणी त्याला गुरु केलें नाहीं; लाजावें लागलें तें पाठांतरालाच ज्ञान समजणाऱ्यांना. संशयी मित्रांचें म्हणणें मान्य करतांना ही दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, आणि ती आम्हां अध्यापकांना प्रथम लागू आहे. आपलें जें काम यंत्र सहज करूं लागलें, त्यांत पाठांतर किती होतें, याचा झाडा ज्यानें त्यानें घ्यावा. यंत्र दूर ठेवल्यानें कृति आपोआप सजीव होत नाहीं. मन लावून जो खेळतो, मन लावून जो लिहितो, त्यालाच ‘येथें यंत्र नको’ असें म्हणण्याचा अधिकार पोंचतो.