मांजरांची साक्ष

माणसाच्या धर्मनिष्ठेबद्दल साक्ष कोणाची धरावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. शेजारी पाहतात ते दारापर्यंतचे. धर्मगुरू ऐकतो ते पापनिवेदनात सांगितलेले. अंतःकरणातले सारे ज्याला कळते अशी भाविकाची श्रद्धा असते, तो परमेश्वर पंचांसमोर येऊन बोलत नाही. उरतो तो घरातला मुका प्राणी. त्याला स्तुती करता येत नाही आणि चहाडीही करता येत नाही; त्याच्यासमोर माणूस मुखवटा चढवीत नाही, तो यामुळेच.

मांजराच्या तोंडून माणसाची हकीकत वदविण्याची युक्ती जुनी आहे. जर्मन लेखक ई. टी. ए. हॉफमन याने १८१९ ते १८२१ या काळात मुर नावाच्या बोक्याला आत्मचरित्रकार केले. जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी याने १९०५ मध्ये एका निनावी मांजराला शिक्षकाच्या घराचे भाष्यकार नेमले. या दोन्ही मांजरांच्या तावडीत सापडते ती मुख्यतः विद्वत्ता. हेच मांजर भाविकाच्या घरात आणून बसविले, तर प्रश्न अधिक अवघड होतो. कारण विद्वत्तेला पोथीत लपता येते, भक्तीची परीक्षा मात्र वागण्यातच व्हावयाची असते.

वसईच्या किनारपट्टीवर पोर्तुगीज अमलापासून मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज नांदत आला आहे. तेथील एखाद्या घरातली, नित्य मिस्सेला जाणारी एकटी वृद्धा कल्पावी. आणि तिच्याकडे दोन मांजरे, एक भाटी आणि तिचाच वाढलेला बोका. त्यांनी सांगावयाचे ठरविलेच, तर ती सांगतील ते असे. पहाटे चर्चची घंटा वाजते आणि बाई उठते. रविवार ओळखायला मांजरांना दिनदर्शिका लागत नाही. पेटीतून काढलेल्या लुगड्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि दूध उशिरा मिळते. बाई परतते ती पदरात मेणबत्त्यांचा धूर घेऊन. संध्याकाळी ती क्रुसासमोर जपमाळ ओढीत बसते. मांजरांच्या लेखी तो मांडी न हलण्याचा अर्धा तास. उपवासकाळात घरात मांस शिजत नाही, मासळी तेवढी येते. त्यामुळे माणसाचा प्रायश्चित्ताचा काळ तोच मांजरांच्या सणाचा.

पाप, मुक्ती, तारणारा यांतला एकही शब्द या साक्षीदारांना ठाऊक नाही. तरीही बाईच्या श्रद्धेतले काहीतरी त्यांच्यापर्यंत पोचले आहे. अंगात ताप असला तरी ती उठून बशीत दूध ओतते. बोक्याने अंगणातले पाखरू मारून उंबऱ्यावर आणून टाकले तर ती संतापते, पण रात्रीची बशी चुकत नाही. पात्रता न पाहता जे मिळते ती कृपा, असे मानले तर मांजरांना कृपेचा अनुभव आहे. फक्त तिचे नाव माहीत नाही. श्रीवैष्णवांच्या तेंकलै परंपरेने ईश्वरी कृपेसाठी मांजरीच्या पिलाचाच दृष्टान्त घेतला. वानराचे पिलू आईला घट्ट बिलगते. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून सुरक्षित जागी नेते.

पण साक्ष येथे संपत नाही. भाटी वर्षातून एकदोनदा विते. पिलांचे डोळे उघडण्याच्या सुमारास एका पहाटे ती गोणपाटाच्या पिशवीत भरली जातात आणि मासळीबाजाराच्या मागे सोडली जातात. रिकामी पिशवी घडी करून बाई तशीच मिस्सेला जाते. भाटी दोन दिवस फळीमागे, पेटीखाली, माळ्यावर हिंडत ओरडत राहते. मग बशीपाशी येऊन बसते. ती आरोप करीत नाही. तिच्या साक्षीत फक्त शोधणे असते.

पापनिवेदनाच्या वेळी हा प्रसंग बाईच्या ओठांवर येत नाही. ती तो लपविते असे नव्हे. ते पाप आहे असे तिला कधी वाटलेलेच नाही. दहा आज्ञांत गुराढोरांना शब्बाथची विश्रांती आहे, मांजराचा उल्लेख नाही. घरातले मांजर कॅथलिक बायबलात एकदाच भेटते, बारूखच्या सहाव्या अध्यायात. मूर्तींच्या अंगावर पाखरे बसतात, मांजरेही बसतात, आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. मग ते देव कसले, असा त्या मजकुराचा रोख आहे. तेथे मांजर ही सजीवतेची कसोटी ठरली. तीच कसोटी भाविकाच्या घरी लावली, तर पिलांसाठी घरभर फिरणारी भाटी ज्याला ऐकू येत नाही, त्या अंतःकरणाला काय म्हणावे?

बाईची बाजूही ऐकली पाहिजे. एका म्हाताऱ्या हातांनी किती तोंडे भरावीत? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांना विनाकारण दुःख देणे माणसाला न शोभणारे म्हटले आहे. पण माणसांच्या दैन्यावर खर्चावयाचा पैसा प्राण्यांवर उधळणेही तितकेच न शोभणारे, असेही तेथेच सांगितले आहे. तेव्हा पेच खरा आहे. मात्र तो पेच म्हणून बाईसमोर कधी उभाच राहिला नाही, हे त्याहून खरे. भारतात १९६० च्या कायद्याने प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सबळ कारणावाचून सोडून देणे गुन्हा ठरविले. मांजरीवर शस्त्रक्रिया करून पुढची वीत टाळणेही आज शक्य आहे. धर्माचा शब्द होता, कायदा होता, उपायही होता. आड आली ती सवय. करुणा कोठपर्यंत जावी याची रेघ बहुधा दुष्टपणा ओढीत नाही. सवय ओढते, आणि तिच्यापलीकडचे दिसेनासे होते.

तिसऱ्या संध्याकाळी भाटी पुन्हा मांडीवर येते. जपमाळेचे मणी सरकत असतात, भाटी गुरगुरत असते. आपल्याला क्षमा मिळाली, असे बाईला वाटण्याचा संभव आहे. पण क्षमा करावयाची तर अपराध कळावा लागतो. भाटी आली आहे ती मांडी उबदार आहे म्हणून. जिचे नुकसान झाले तिला क्षमा करता येत नाही, अशा अपराधाचे परिमार्जन शब्दांनी होत नाही. ते व्हावयाचे तर पिशवी खुंटीवरून काढण्याची वेळ पुन्हा येईल त्या पहाटे.