पाण्याची पातळी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा वेधशाळेचा, त्यामुळे तो आजही ९४४च आहे. त्या दिवशी अंधेरीहून दिंडोशीला पायी येताना मला लागलेलं पाणी मात्र दर पावसाळ्यात चढत गेलं. पहिल्या वर्षी ते गुडघ्याएवढं होतं. मेहुण्याच्या लग्नात कमरेला लागलं आणि हल्ली नातवाला सांगताना छातीपर्यंत आलं. त्यातून एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी हात धरून बाहेर काढतो, तेव्हा नातू श्वास रोखून धरतो.

गेल्या रविवारी माळा आवरताना सौ.ला माझी त्या वर्षीची डायरी सापडली. "जरा हे ऐका," म्हणून तिने माझंच अक्षर मला वाचून दाखवलं : 'पाय घसरला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात धरून बाहेर काढलं. नाव विचारायचं राहिलं.'

देवाशपथ सांगतो, मी खोटं बोलत नव्हतो. खोटं बोलायला खरं ठाऊक असावं लागतं!

कादंबरीतला निवेदक असा सोयीस्कर विसरू लागला, की मी त्याला लगेच पकडतो. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'त (२००६) एकाच पेइंग गेस्टविषयी आधी भाऊ सांगतो, मग बहीण. एकाचं ऐकून मत बनवावं, तो दुसरा बोलू लागतो. माझ्या गोष्टीत त्या गृहस्थांच्या वाट्याला एक पानही आलं नाही.

माणूस विसरायचाच. दुकानदाराची बेरीजही चुकते. पण ती दर वेळी त्याच्याच फायद्याची चुकू लागली, की आपण हिशेब मागतो. आठवणींकडे कोण मागतं? विसरलो म्हणता म्हणता मी एका परक्या माणसाचा चांगुलपणा खिशात घातला होता.

रात्री नातवाला गोष्ट नव्याने सांगितली. पाणी गुडघ्याएवढं, घसरलेला मी, हात त्यांचा. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, पण ते आजोबा घरी पोचले का?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मी उठून डायरी पुन्हा उघडली. पुढचं पान कोरं होतं.