आता किती वर्षे?

घरातल्या वडीलधाऱ्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचे डॉक्टर सांगतात, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठांवर एकच प्रश्न येतो : आता किती वर्षे? त्यात माया असते, थकवाही असतो. हा प्रश्न विचारणे पाप आहे असे आम्हाला वाटत नाही.

थोडे उत्तर आकड्यांत आहे. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, निदान ६५ व्या वर्षी झाले तर पुरुष त्यानंतर सरासरी ५.७ आणि स्त्रिया ८ वर्षे जगतात. ८५ व्या वर्षी झाले तर २.२ आणि ४.५. अल्झायमरचे रुग्ण इतर प्रकारांपेक्षा थोडे अधिक जगतात. वय आणि आजाराचा प्रकार आपल्या हाती नाही.

पण नुसत्या विसरण्याने माणूस मरत नाही. ज्या बाईंवरून डॉ. अल्झायमर यांनी हा आजार ओळखला, त्या ऑगस्टे डेटर १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाल्या आणि १९०६ साली वारल्या, त्या अंथरुणाला खिळून झालेल्या जखमा चिघळून. आपले जॉर्ज फर्नांडिस, तरुणपणी सेमिनरीत शिकलेले, मुंबईच्या कामगारांचे पुढारी, कित्येक वर्षे अल्झायमरने आजारी होते. जानेवारी २०१९ मध्ये निमित्त झाले ते स्वाईन फ्लूचे. कुणी पडून खुबा मोडतो, कुणाचा घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

म्हणजे उरलेली वर्षे बरीचशी कूस बदलणाऱ्या, उठवून बसवून पेज भरवणाऱ्या हातांवर अवलंबून. आणि खंडाळ्याच्या घरांत हे हात बहुधा दोनच असतात. एक मुलगा पुण्याला, दुसरा शिरवळच्या कारखान्यात पाळीवर, घरी सून एकटी. ‘किती वर्षे?’ असे तिने विचारले की नातलगांना ती निष्ठुर वाटते. सणाला येऊन सल्ला देणाऱ्यांनी गेल्या महिन्यात किती रात्री जागून काढल्या, हे मात्र कुणी विचारत नाही!

वाटेल त्या उपायाने आयुष्य लांबवलेच पाहिजे, असे ख्रिस्तसभाही सांगत नाही. साधे उपाय बंधनकारक, अतिभार होणारे नव्हेत, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच सांगितले. पण कूस बदलणे, ओले कपडे बदलणे हे साधेच. ते एकीनेच करावे असे कुठे लिहिले आहे? नणंद चार दिवस येऊन राहिली, तर सुनेला निदान चार रात्री सलग झोप मिळेल.