डोपामाइन वाढले म्हणजे बुद्धी वाढली का?

डोपामाइनला हल्ली 'आनंदाचे रसायन' म्हणून घरोघरी ओळख मिळाली आहे. कोणी ते वाढवण्याचे उपाय सांगतो, तर कोणी मोबाइल बाजूला ठेवून ते 'आटोक्यात' आणायला सांगतो. सल्ले परस्परविरोधी असले तरी दोघांचे गृहीतक एकच आहे: डोपामाइन ही एकच राशी आहे आणि ती वर-खाली केली की माणूस सुधारतो. कपाळामागच्या मेंदूचा, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा अभ्यास हे गृहीतक खोडून काढतो.

या भागात डोपामाइनचे काम सुखाशी नव्हे, विचाराशी जोडलेले आहे. १९७९ साली पॅट्रिशिया गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांच्या या भागातले डोपामाइन जवळजवळ नाहीसे केले. खाऊ मागच्या वेळी कोणत्या बाजूला होता हे काही सेकंद लक्षात ठेवून आता दुसरी बाजू निवडायची, एवढेच माकडांना करायचे होते. ते त्यांना जमेना. तो भाग शस्त्रक्रियेने काढून टाकल्यावर होते जवळजवळ तितकीच त्यांची वाताहत झाली. डोपामाइन ज्यापासून बनते ते एल-डोपा दिल्यावर मात्र ती सावरली. पुढे १९९१ मध्ये याच भागातले डी-१ रिसेप्टर, म्हणजे डोपामाइनचा संदेश झेलणारे एक प्रकारचे ग्राहक, औषधाने अडवल्यावर असेच दिसले. समोर दिसणाऱ्या खुणेकडे माकडाची नजर बरोबर वळे, पण खूण दिसेनाशी झाल्यावर तिची जागा आठवून नजर वळवताना ते चुके. डोळे शाबूत होते, स्नायू शाबूत होते. मनात धरून ठेवणे तेवढे सुटले होते.

मग डी-१ला जितकी चालना मिळेल तितके चांगले, असे म्हणावे काय? एमी आर्नस्टेन यांच्या येल विद्यापीठातल्या गटाने २००७ मध्ये माकडांच्या एकेका चेतापेशीचे निरीक्षण केले. बेताची चालना मिळाली की पेशी ज्या दिशेशी जोडलेली असे त्या दिशेची आठवण टिकवून धरी आणि इतर दिशांचा गोंगाट कमी होई. चालना वाढवत नेली की हवा तो संदेशही दबून जाई. ताणाखाली या भागात डोपामाइन वाढते. भीतीने गांगरलेल्या माणसाला येत असलेले उत्तरही सुचत नाही, त्यामागचे एक कारण हे असावे.

शिवाय प्रत्येकाची सुरुवातच वेगळी असते. इथले डोपामाइन निकाली काढण्यात कॉम्ट नावाच्या विकराचा मोठा वाटा असतो. त्याच्या जनुकाचा एक प्रकार हे काम वेगाने करतो, दुसरा सावकाश. २००३ मधल्या एका छोट्या अभ्यासात डोपामाइन वाढवणाऱ्या अ‍ॅम्फेटामाइनने वेगवान प्रकारच्या लोकांच्या मेंदूचे काम सुधारले. सावकाश प्रकारच्यांची कामगिरी मात्र कठीण कामात खालावली. यावरून जनुक पाहून बुद्धी जोखता येईल असे कोणी समजू नये, कारण पुढच्या मोठ्या पाहण्यांत या जनुकाचा सर्वसाधारण बुद्धीवरचा परिणाम नगण्यच आढळला. एकाच माणसाच्या बाबतीतही सरळ हिशेब लागत नाही. पार्किन्सनच्या रुग्णांना एल-डोपा दिल्यावर एका कामावरून दुसऱ्यावर जाणे सोपे होते, पण बक्षिसाचे नियम उलटले की ते ओळखणे अवघड जाते. मेंदूच्या एका भागाला पुरेसे झालेले औषध दुसऱ्या भागाला जास्त होते.

म्हणून 'किती डोपामाइन?' हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे, कोणत्या रिसेप्टरवर, कोणाच्या मेंदूत आणि कोणत्या कामासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. लक्ष टिकवणे अवघड जाणाऱ्या, म्हणजे एडीएचडी असलेल्या मुलाला डॉक्टरांनी मात्रा जोखून दिलेली डोपामाइन वाढवणारी गोळी उपयोगी पडते. तीच गोळी परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राकडून मागून घेणारा निरोगी विद्यार्थी जुगार खेळतो. आणि धाक दाखवला की मुलाचे डोके जास्त चालते, असे मानणाऱ्या पालकांनी व शिक्षकांनी ही समजूत आता सोडून द्यावी. विचार करणाऱ्या मेंदूला जागेपण हवे असते, दहशत नव्हे.